पाळक नीमोलर ह्यांचा खटला

पौलाने कैसराजवळ दाद मागितली, व फेस्ताने ती मान्य केली (प्रे. कृत्ये २५). पण कैसरच न्याय जुमानीत नसेल तर?

बर्लिन येथील डालेम मंडळीचे पाळक मार्टिन नीमोलर ह्यांस हिटलरच्या पोलिसांनी १ जुलै १९३७ रोजी धरले. उपासनेत सरकाराविरुद्ध बोलले, हा आरोप. (आरंभी हेच गृहस्थ हिटलरला अनुकूल होते, हे आम्ही झाकीत नाही.) १९३८ च्या फेब्रुवारीत बंद दारांआड खटला चालला. २ मार्चला निकाल झाला: ७ महिने कैद व २,००० मार्क दंड. कैद तर आधीच भोगून झाली होती. म्हणजे पाळकसाहेब सुटलेच! परंतु गुप्त पोलिसांनी त्यांस घरी जाऊ दिले नाही. साक्सेनहाउझेनच्या छावणीत, पुढे डाखाउ येथे, हिटलरचे खासगी कैदी म्हणून त्यांस १९४५ पर्यंत कोंडून ठेविले. त्यासाठी कोणत्याही न्यायाधीशाची आज्ञा लागली नाही.