वेग वाढला, पण चित्र बिघडलें

विद्यार्थिमित्रहो, घोडा दमला तर थांबतो, बैल दमला तर खालीं बसतो. संगणक मात्र शक्तीबाहेर पळविला तर कित्येकदां न थांबतां चुकीचें काम करीत राहतो. ही एक गोष्ट ज्यास उमजली, त्यास पुढील पाठाचें अर्धें मर्म हातीं आलें असें समजावें.

आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्यानें सुट्टींत घरच्या संगणकाच्या प्रोसेसरचा वेग वाढविला. संगणक वडिलांनीं हप्त्यांवर घेतलेला. त्यावरच थोरल्या बहिणीचा प्रबंध लिहिला जात होता. वेग वाढल्याचा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशीं पडद्यावरील खिडक्या सरकवितांना त्यांच्या चिंधड्या झाल्यासारखें दिसूं लागलें; मग पडदा क्षणभर काळा होऊन पुनः उजळूं लागला; आणि अखेर छाया, पारदर्शकता वगैरे सर्व दृश्य-परिणाम आपोआप बंद पडले. त्यानें ग्राफिक्स ड्रायव्हर दोनदां काढून पुनः घातला, पण गुण आला नाहीं. त्याचा तर्क असा कीं, "मीं हात लाविला प्रोसेसरला आणि चित्र काढतें ग्राफिक्स यंत्रणा, तेव्हां दोष माझा नव्हे." हा तर्क वरवर सरळ दिसतो. तो कोठें चुकतो तें आतां पाहूं.

प्रोसेसरचें काम एका ठेक्यावर चालतें. मदरबोर्डवरील मूळ ठेका हल्लीं बहुधा १०० मेगाहर्ट्झ असतो व प्रोसेसर त्यास एका अंकानें गुणतो. गुणक ४० असल्यास वेग ४००० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४ गिगाहर्ट्झ होतो. कारखान्यानें नेमलेल्या वेगापलीकडे जाणें यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्याचे मार्ग दोन: गुणक वाढविणें, किंवा मूळ ठेकाच वाढविणें. पहिल्या मार्गांत मुख्यतः प्रोसेसर एकटा धावतो. दुसऱ्यांत त्याच ठेक्यावर चालणारे शेजारीहि त्याच्यामागें ओढले जातात.

याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंटेल कंपनीचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर १९९८ सालीं निघाला. त्याचा ठेका ६६ मेगाहर्ट्झचा व गुणक साडेचार. पुष्कळांनीं ठेका १०० करून तो ४५० मेगाहर्ट्झवर चालविला. त्या काळच्या ४४०बीएक्स मदरबोर्डांवर ग्राफिक्स कार्डाच्या एजीपी मार्गाचा नेमलेला वेग ६६ होता. ठेका १०० केल्यास त्याचा दोन तृतीयांश भाग एजीपीस देतां येई, म्हणजे पुनः ६६ च. परंतु कोणी भीतभीत ठेका ८३ केला व एजीपीचें प्रमाण एकास एक राहूं दिलें, तर तो मार्ग ८३ वर, म्हणजे सव्वापट वेगानें धावे. प्रोसेसरची ३७४ पर्यंतची लहान उडी ४५० च्या मोठ्या उडीपेक्षां ग्राफिक्स कार्डास अधिक जाचक ठरे! पुढें पुष्कळ मदरबोर्डांवर हे मार्ग वेगळे केले गेले, पण सर्वांवर नाहीं.

आतां चित्राकडे वळूं. पूर्वीं प्रत्येक खिडकी थेट पडद्यावर रंगविली जाई. हल्लीं प्रत्येक खिडकीचें चित्र प्रथम मेमरींत वेगळें तयार होतें. नंतर ग्राफिक्स यंत्रणा तीं सर्व चित्रें एकावर एक रचून, त्यांत छाया व पारदर्शकता मिसळून, बहुधा सेकंदास ६० वेळां पडद्यावर मांडते. यास कंपोझिटिंग म्हणतात. मॅकवर हें काम २००२ सालीं ग्राफिक्स कार्डाकडे सोपविलें गेलें, लिनक्सवर २००६ सालीं कॉम्पिझ आलें आणि विंडोज व्हिस्टा २००७ सालीं बाजारांत आली. या साखळींत आज्ञा प्रोसेसर देतो, चित्रें मेमरी सांभाळते व रचना ग्राफिक्स यंत्रणा करते. एक कडी डळमळली कीं दोष पडद्यावर दिसतो. म्हणून पडद्यावर दिसलेला दोष पडद्याचाच असतो असें नाहीं. शिवाय अनेक संगणकांत ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरच्याच चिपमध्यें असतो. त्यांची वीज, उष्णता व मेमरी सामाईक असते. उष्णतेचा हिशोब असा: विजेचा खप वेगाच्या प्रमाणांत, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दोन्ही दहा टक्क्यांनीं वाढविल्यास १.१ × १.१ × १.१ = १.३३१, म्हणजे खप सुमारें एक तृतीयांशानें वाढतो. वेगाचा लाभ दहा टक्के, उष्णतेचा भार तेहतीस!

अशा वेळीं परीक्षा पुढील क्रमानें करावी.

१. प्रथम बायॉसमध्यें जाऊन सर्व वेग मूळ मापावर आणावे. रॅमचा एक्सएमपी हा वाढीव वेगहि बंद करावा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत यानंतरच घ्यावी. कारण डळमळीत यंत्रावर घेतलेली प्रतहि बिघडलेली असूं शकते.

२. दोष गेला तर कारण सांपडलें. न गेला तरी ओव्हरक्लॉकिंग निर्दोष ठरत नाहीं. केडीई डेस्कटॉपचा केविन हा खिडकी-व्यवस्थापक ओपनजीएल वापरतांना कोसळला, तर तशी नोंद ठेवून पुढें तो मार्ग बंद ठेवण्याची योजना त्यांत केलेली होती. म्हणून सेटिंगमध्यें जाऊन परिणाम हातानें पुनः चालू करून पाहावे. चित्र काढणाऱ्याच्या जागीं 'एलएलव्हीएमपाइप' हें नांव दिसल्यास ग्राफिक्स यंत्रणेऐवजीं प्रोसेसरच चित्र रंगवीत आहे असें समजावें.

३. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवून मेमरीची परीक्षा घ्यावी. ती निर्दोष ठरल्यावरच ड्रायव्हर नव्यानें घालावा.

४. पुनः वेग वाढवावयाचाच असेल, तर एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत टिपावा. प्राइम९५ सारखी प्रोसेसरची कसोटी व ग्राफिक्सचें काम हीं एकत्रहि चालवून उष्णता पाहावी. कारण वेगवेगळीं पार पडलेलीं कामें एकत्र येतांच वीजपुरवठा किंवा पंखा अपुरा पडतो.

आमच्या विद्यार्थ्यानें पहिली पायरी करतांच चिंधड्या थांबल्या. छाया मात्र परतल्या नाहींत. त्याच्या संगणकावर केडीईच होता, म्हणून त्या दुसऱ्या पायरीनें परतल्या. पण बहिणीच्या प्रबंधाचें एक प्रकरण उघडेना. त्याची जुनी प्रत पेन ड्राइव्हवर मिळाली. मधल्या पंधरा दिवसांचें लेखन मात्र गेलें. तें त्यानें आपण होऊन वडिलांस व बहिणीस सांगितलें, आणि पुढील पंधरा दिवस तिच्या शेजारीं बसून तिच्या टिपणांवरून तें प्रकरण टंकून दिलें.

मित्रहो, प्रयोग अवश्य करा. पण ज्या यंत्रावर दुसऱ्याचे श्रम सांठविलेले आहेत, त्यावर प्रयोग करण्यापूर्वीं त्याची अनुमति व चांगली प्रत, दोन्ही घ्या. आणि कांहीं बिघडलें तर आपण शेवटीं कशास हात लाविला होता, हा प्रश्न सर्वांआधीं स्वतःस विचारा. त्याचें प्रामाणिक उत्तर कोणत्याहि ड्रायव्हरपेक्षां अधिक कामीं येतें.