सर रात्री मेसेज करतात…

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे, इथे कळंबोलीत कबड्डीच्या सरावाला जाते. सर तिला रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज करतात, ‘आईला सांगू नकोस’ असंही लिहितात. आता स्पर्धेसाठी बाहेरगावी न्यायचं म्हणतायत. हिचे बाबा म्हणतात, उगाच संशय घेतला तर निवड हुकेल.
– एक आई, कळंबोली

उत्तर : ताई, निवडीचं नंतर बघू. ‘आईला सांगू नकोस’ हे वाक्य कबड्डीच्या कुठल्याच शिकवणीत बसत नाही. मेसेज पुसू नका; नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. सरांना जाब विचारायला आधी जाऊ नका, ते सावध होतील. लेकीची उलटतपासणीही नको. ‘तुझं काही चुकलं नाही’ एवढं सांगा आणि ती बोलेल तेवढं ऐका. सराव तूर्त बंद, बाहेरगावी तर नाहीच.

मग कळंबोली पोलीस ठाणे गाठा किंवा मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन करा. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की गुन्हा घडेल अशी शंका असली तरी कळवायचं. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही. मुलीचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात, तोही गणवेशाविना. हे बाबांना जरूर सांगा, त्यांची निम्मी भीती चौकीच्या पायरीचीच असावी.

पुढचा क्लब निवडताना दोनच गोष्टी विचारा : दौऱ्यावर मुलींसोबत महिला प्रशिक्षक असते का, आणि मुलींच्या खोलीत कोण जातं?