शेतकऱ्याची घाई आणि पिकाची वेळ



अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात 'अच्चायिक सुत्त' नावाचे एक छोटेसे सुत्त आहे. 'अच्चायिक' या पाली शब्दाचा अर्थ तातडीचे, विलंब न खपणारे असा होतो. वरवर पाहता हे सुत्त घाई करण्यास शिकविते. परंतु पुढे वाचत गेल्यावर घाई कोठे थांबवावी, हेही तेच सांगते. निकालाची आणि यशाची वाट पाहणाऱ्या आपणा सर्वांना, विद्यार्थ्यांना तसेच शिक्षकांनाही, हा पाठ उपयोगी आहे.

शेतकऱ्याची तीन कामे

भगवान बुद्ध भिक्खूंना सांगतात की, शेतकऱ्याची तीन कामे तातडीची असतात. शेत वेळेवर नांगरून तयार करणे, वेळेवर बी पेरणे आणि वेळेवर पाणी देणे व काढून टाकणे. या कामांत चालढकल केली की हंगाम हातचा जातो. मात्र ती सारी करूनही, आज अंकुर फुटावा, उद्या कणीस यावे आणि परवा पीक तयार व्हावे, असा हुकूम देण्याचे सामर्थ्य शेतकऱ्याच्या ठायी नसते. ऋतू पालटत जातो तसे पीक आपल्या वेळी उगवते आणि पिकते. भिक्खूचेही तसेच आहे. शील, चित्त आणि प्रज्ञा यांची शिक्षा त्याने तत्परतेने आचरावी. पण आजच मुक्त हो, अशी आज्ञा त्याला आपल्या चित्ताला करता येत नाही. आचरण चालू राहिले म्हणजे ती वेळ येते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे. ज्वारी पोटरीत आली की कणीस लवकर दिसावे म्हणून कोणी पोटरी उकलून पाहत नाही. कोळपणी करणे, तण काढणे, पाखरे राखणे ही आपली कामे. दाणा भरणे हे ज्वारीचे काम. ही वाटणी शेतावर आपल्याला सहज कळते. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण ती विसरतो.

सोणाची वीणा

सोण कोळिवीस हा चंपा नगरीतील श्रीमंत घराण्यातला तरुण. तो इतका सुकुमार होता की, त्याच्या तळपायांवर केस उगवले होते, असे विनयपिटकात वर्णन आहे. संघात आल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने एवढ्या जिद्दीने चंक्रमण केले की, पायांतून रक्त वाहू लागले. तरीही मनासारखे फळ मिळेना; तेव्हा घरी परतावे, संपत्तीचा उपभोग घ्यावा आणि दानपुण्य करावे, असा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला त्याच्याच पूर्वायुष्यातील गोष्ट विचारली. सोण वीणावादनात कुशल होता. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? फार सैल सोडल्या तर? दोन्ही प्रश्नांना सोणाने नकार दिला. प्रयत्नांचेही असेच समत्व राखावे, असा उपदेश त्याला मिळाला. पुढे सोण अर्हत झाला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तथागतांनी सोणाला वीणा खाली ठेवण्यास सांगितले नाही. तारा जुळविण्यास सांगितले.

हा दैववाद नव्हे

जीवनाच्या गतीवर विश्वास ठेवा, असे म्हटले की काहींना त्यात दैववादाचा वास येतो. ही शंका रास्त आहे, कारण 'नशिबात असेल ते होईल' या शिकवणीने आपल्या समाजाचे फार मोठे नुकसान केले आहे. बुद्धकाळी मक्खलि गोसाल हा नियतिवाद सांगत असे. प्रयत्नाने काहीच बदलत नाही, असे त्याचे मत होते. त्याच तिकनिपातात भगवंतांनी या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली आहे. ते कांबळे थंडीत थंड आणि उन्हाळ्यात उष्ण. म्हणजे कोणत्याच ऋतूत कामाचे नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी येवला येथे धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. ती वर्षे त्यांनी नशिबावर सोडली नाहीत. अभ्यास, लेखन आणि समाजाची तयारी यांसाठी ती खर्ची घातली. नांगरणी एक दिवसही थांबली नाही आणि कच्चे पीक कापण्याची घाईही झाली नाही.

माझी चूक

हा पाठ मी पुस्तकातून वाचला होता. शिकलो मात्र एका विद्यार्थ्याकडून. काही वर्षांपूर्वी पाचवीत आलेला एक मुलगा वर्गात मोठ्याने वाचत नसे. महिनाभरात त्याला अस्खलित वाचता आलेच पाहिजे, असा निश्चय मी केला. सायंकाळच्या वंदनेनंतर मी त्याला सर्वांसमोर उभे करी, चुकला की थांबवी. तिसऱ्या आठवड्यात त्याने तोंड उघडणेच बंद केले. भेटीला आलेल्या वडिलांना तो एवढेच म्हणाला, "मला घरी न्या."

मी पोटरी उकलीत होतो, हे तेव्हा मला उमगले. वडिलांची समजूत घालून मी त्याला ठेवून घेतले. त्यानंतर रोज वीस मिनिटे मी त्याच्याशेजारी बसून गोष्ट वाचू लागलो. मी वाचीत असे, तो ओळीवरून बोट फिरवीत असे. परीक्षा घेणे सोडले. वीस मिनिटे मात्र चुकविली नाहीत. दिवाळीची सुटी झाली, थंडी सरली. फाल्गुनात एके सायंकाळी वाचताना माझ्याकडून एक ओळ गळली. त्याने माझा हात धरून मला थांबविले आणि ती ओळ स्वतः वाचली. मी काही बोललो नाही. पुस्तक त्याच्याकडे सरकविले.

तो दिवस मी ठरविलेला नव्हता, आणि मला तो ठरविताही आला नसता. माझ्या हाती वीस मिनिटे होती, तेवढी मी दिली.

चिंतनासाठी

१. या आठवड्यातील आपली तातडीची तीन कामे कोणती? त्यांपैकी कोणते आपण टाळीत आहोत?

२. कोणत्या गोष्टीची वेळ आपल्या हाती नसतानाही आपण तिला हुकूम देत आहोत?

३. आपली तार आज ताणलेली आहे की सैल पडली आहे?

या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा वाचून पाहावीत.