मांडवातले गाणे

गाणे ऐकायला आता कुठे जावे लागत नाही. खिशात मोबाईल असतो. बोट लावले की गाणे सुरू. मग एसटीत धक्के खाऊन, तिकीट काढून पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला कशाला जायचे? गावातली मंडळी आम्हांला असे विचारतात. मग हळूच म्हणतात, "गुरुजी, ते शिकलेल्या लोकांचं गाणं. आपल्याला त्यातलं काय कळणार?"

तर आधी हा महोत्सव कोणी सुरू केला ते पाहू.

कर्नाटकात धारवाडजवळ कुंदगोळ नावाचे गाव आहे. तिथले रामभाऊ कुंदगोळकर हे मोठे गवई होते. मराठी नाटकांतही ते गात. लोक त्यांना सवाई गंधर्व म्हणू लागले. सवाई म्हणजे सव्वापट. गदगचा एक मुलगा १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घरातून पळाला. गाडीतून गाणी म्हणत, पडेल ते काम करीत तो गावोगाव फिरला. शेवटी रामभाऊंच्या दारी आला. गुरूच्या घरी त्याने पाणी भरले आणि गाणे शिकला. हेच आपले भीमसेन जोशी. त्यांचे अभंग तुम्ही ऐकले आहेतच. १९५२ साली गुरू वारले. दुसऱ्या वर्षापासून भीमसेनांनी त्यांच्या पुण्यतिथीला गाणे सुरू केले. तोच हा महोत्सव. शिकलेल्यांचं गाणं म्हणता, पण शाळा सोडून पळालेल्या पोराने ते उभे केले!

आता कळण्याची गोष्ट. तुम्ही भजनात टाळ धरता ना? मग अर्धे गाणे तुम्हांला येते. ताल फिरून जिथे पुन्हा सुरू होतो, त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. मोठा ख्याल पुष्कळदा एकतालात असतो. त्याच्या मात्रा बारा. पण चाल इतकी संथ, की एक फेरा पुरा व्हायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागू शकतो. नवख्या माणसाला वाटते, हे काय रडगाणे! अहो, बैल जुंपल्या जुंपल्या कोणी पळवतो का? गवई एकेक सूर आधी नीट लावतो. मग गाणे चढत जाते. तो दूर कुठे तरी भटकून येतो आणि नेमका समेवर उतरतो. त्या क्षणी मांडवातल्या हजारो माना एकदम हलतात. आमची मान कोणी न शिकवता हलली. तुमचीही हलेल.

मोबाईलवर हे दिसत नाही. तिथे एकट्याचा आवाज असतो. मांडवात सारा संच समोर बसलेला दिसतो. मागे शिष्य तंबोरे छेडीत असतात. बाजूला पेटीवाला गवयाच्या तोंडाकडे पाहत असतो, कारण पुढचा सूर कोणता ते त्यालाही ठाऊक नसते. तबलजी डोळ्यांनी खूण घेतो. गवयाचा आवाज जरा थकला, तर मागचा शिष्य सूर उचलून धरतो. फलकावर नाव एकाचे असते, पण गाणे सगळ्यांचे.

महोत्सव डिसेंबरात काही दिवस चालतो. पूर्वी तो रमणबागेच्या मैदानावर भरे. २०१८ पासून मुकुंदनगरच्या क्रीडासंकुलात भरतो. खुर्च्या आहेत, पण खाली बसायची भारतीय बैठकही आहे. आमचे मत विचाराल तर खालीच बसावे. घोंगडी मात्र न्यावी, थंडी मी म्हणते.

पूर्वी गाणे रात्रभर चाले. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर भोंगे बंद झाले. काही ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. आजाऱ्याला, लेकरांना झोप हवी, हे खरे. पण पहाटेचा ललत तिथे पहाटे ऐकायची सोय गेली, याची आम्हांला हळहळ वाटते. जत्रेतला तमाशा रात्री दहाला थांबला की तुम्हांला वाटते, तशीच.

भीमसेन २०११ साली गेले. महोत्सवाच्या नावात आता त्यांचेही नाव आहे. एक प्रथा मात्र ध्यानात ठेवा. शेवटचे गाणे झाले म्हणून उठून बस गाठायची घाई करू नका. त्यानंतर सवाई गंधर्वांची जुनी तबकडी लावतात. ती ऐकून मगच निघा.