नुसता डाग नको, पाइपांसकट बदल

अगं, दर आठवड्याला गाडीत लिटरभर पाणी घालावं लागतंय आणि वर मला सांगतेस, ‘ताई, तशी काही अडचण नाही’! बंद यंत्रणा असते ती. पाणी कमी होतंय म्हणजे कुठून तरी जातंयच. तुझी एट हंड्रेड २००८ची. तिचं वय झालंय, त्यात लाजायचं काय?

गॅरेजवाला डाग देऊन देतो म्हणाला आणि तुला ते स्वस्त वाटलं. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला डाग शोभायचा. आताच्यांची जाळी अ‍ॅल्युमिनियमची, टाक्या प्लास्टिकच्या, मध्ये रबरी पट्टी आणि पत्र्याचे दात दुमडून आवळलेले. वर्षानुवर्षं तापून प्लास्टिक ठिसूळ होतं आणि सांध्यापाशी चिरतं. त्यावर एम-सील थापून गणपतीला कोकणात निघणार आहेस का? नवाच घे.

पण पैसे घालण्याआधी ऑइलचं झाकण उघडून खालून बघ. तिथे दुधाळ, चिकट साय दिसली, तर हेड गॅस्केटची शंका आधी फेडून घे. मग नुसता रेडिएटर बदलून भागायचं नाही.

आणि पाइप? लोक नेमकी इथे काटकसर करतात. गळतीमुळे आजवर दाब कधी पुरता चढलाच नव्हता. नवा रेडिएटर तो नीट धरणार आणि जुना पाइप फुटणार. उद्या सकाळी इंजिन गार असताना वरचा पाइप क्लिपेजवळ चिमटीत दाबून बघ. चांगलं रबर दाबलं की लगेच पूर्ववत होतं. आतून करकर जाणवली, किंवा लिबलिबीत लागला, की तो गेलाच म्हणून समज. बाहेरून काळाभोर दिसतो म्हणून फसू नकोस, रबर आतूनही चिरतं. खालचा पाइप दिसत नाही म्हणून राहून जातो, आणि हीटरचे दोन बारके पाइप हात पोचत नाही म्हणून. सगळे बदल, क्लिपाही नव्या घाल.

काम चालू असताना तिथेच खुर्ची टाकून बस. ‘मॅडम, थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गार राहील,’ असं कोणीतरी म्हणेलच. गोड बोलून नाही म्हण. तो नसला की इंजिन वेळेत तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. अडकत असेल तर नवा बसव. रेडिएटरचं झाकणही नवं घे. कुकरच्या शिट्टीसारखं तेच दाब धरतं, ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण कधी उघडायचं नाही, कितीही घाई असो.

बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रण आणलंस तर त्यात पाणी मिसळू नकोस. खरी घाई होते ती हवा काढताना. गार इंजिनाचं झाकण काढायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, मग गाडी चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, पातळी उतरली की भरत राहायचं. पंखा एकदा आपोआप लागलेला स्वतः बघ. आत हवा राहिली तर सेन्सरला पाणीच लागत नाही आणि इंजिन तापत असताना काटा खालीच दिसतो. मग हेड वाकतं, आणि त्याच्या बिलापुढे रेडिएटर म्हणजे चिल्लर.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू देऊ नकोस. चवीला गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

हे सगळं गणपतीच्या पंधरा दिवस आधी उरकून घे, आदल्या दिवशी नाही. त्या पंधरा दिवसांत गाडी गावातच फिरव, मग इंजिन गार असताना क्लिपा पुन्हा एकदा आवळून घे. नवं रबर बसतं आणि त्या सैल होतात. येताना ताम्हिणी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढायची आहे तुला.