मनीचे पोट बिघडले तर

(घरातील प्राणी मुका असतो. आपले दुखणे त्याला सांगता येत नाही. मांजराचे पोट बिघडले तर त्याला काय खायला द्यावे, काय देऊ नये आणि डॉक्टरांकडे केव्हा न्यावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, चोपड्याच्या कोणत्याही मोहल्ल्यात जा, तुम्हांला मांजर दिसेलच. ते कधी ओट्यावर बसलेले असते, कधी धाब्याच्या घरावर ऊन खात पडलेले असते. कोणी त्याला मनी म्हणतो, कोणी मानो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही अशी एखादी मनी असेल.

समजा, एके दिवशी तुमची मनी उलटी करते. तिला पातळ शौचाला होते. ती खेळत नाही आणि कोपऱ्यात अंग चोरून बसते. घरातील सर्वांना वाईट वाटते. आजी म्हणते, "तिला थोडे दूध द्या." भाऊ आपल्या ताटातील वरणभात पुढे करतो. कोणी तर घरातील तापाची गोळी शोधू लागतो. सर्वांच्या मनात मायाच असते, पण यांतील एकही उपाय योग्य नाही. असे का, ते आपण पाहू.

बकरी पाला खाऊन जगते. आपण भाकरी, डाळ, भाजी, मांस असे सर्व काही खातो. मांजराचे शरीर मात्र मांसाहारासाठीच बनलेले आहे. 'टॉरिन' नावाचा एक पदार्थ मांसात असतो. मांजराला तो आपल्या शरीरात पुरेसा तयार करता येत नाही. तो अन्नातूनच मिळावा लागतो. १९८७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की टॉरिन कमी पडले तर मांजराचे हृदय दुबळे होते. २००५ साली आणखी एक गंमत समजली. मांजराला गोड चवच कळत नाही! म्हणून आपल्याला आवडते ते मांजरालाही आवडेल आणि मानवेल, असे समजू नये.

आता दुधाचा विचार करू. मांजर आणि दूध यांची जोडी आपण गोष्टींत आणि म्हणींत नेहमी ऐकतो. लहान पिल्लाला आईचे दूध सहज पचते. पिल्लू मोठे होऊन दूध पिणे सोडते, तेव्हा दूध पचवण्याची त्याची शक्ती कमी होते. दुधात एक प्रकारची साखर असते. ती पचली नाही तर आतड्यात पाणी ओढून घेते. मग पोटात वायू होतो आणि जुलाब वाढतात. म्हणून पोट बिघडलेल्या मोठ्या मांजराचे दूध सर्वांत आधी बंद करावे.

मांजराचे पोट का बिघडते? त्याची कारणे अनेक आहेत. खाणे अचानक बदलले तर पोट बिघडते. आपल्या खानदेशात उन्हाळा फार कडक असतो. सकाळी वाटीत ठेवलेले मांस दुपारपर्यंत नासते. बकरी ईदच्या दिवसांत चरबी आणि आतड्यांचे तुकडे मांजराला भरपूर मिळतात. तेही त्याला बाधतात. पोटात जंत झाले तरी जुलाब होतात. कधी मांजर पतंगाचा मांजा गिळते. कपाशीच्या किंवा केळीच्या शेतावरील फवारणीचे औषध त्याच्या अंगाला लागते आणि अंग चाटताना ते पोटात जाते. काही वेळा पोटाचा साथीचा रोगही होतो.

पोट थोडेसेच बिघडले असेल आणि मोठे मांजर हिंडत-फिरत असेल, तर घरी काळजी घेता येते. ती कशी घ्यावी?

पहिली गोष्ट म्हणजे पाणी. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशात राहणारे रानमांजर होते. म्हणून मांजर मुळातच पाणी कमी पिते. उलटी आणि जुलाब यांमुळे अंगातील पाणी झपाट्याने कमी होते. स्वच्छ, ताजे पाणी दोन-तीन ठिकाणी सावलीत ठेवावे. पाणी जबरदस्तीने तोंडात ओतू नये. ते श्वासनळीत जाण्याची भीती असते. मानेमागची कातडी हलकेच उचलून सोडा. ती लगेच खाली बसली तर ठीक. ती सावकाश खाली बसली किंवा हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या, तर अंगातील पाणी कमी झाले आहे असे समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे हलके अन्न. उलटी झाल्यावर दोन-तीन तास खायला देऊ नये. नंतर कोंबडीचे मांस द्यावे. ते असे तयार करावे :

१. कोंबडीच्या छातीचे मांस घ्यावे. कातडी, चरबी आणि हाडे काढून टाकावीत.
२. ते साध्या पाण्यात पूर्ण शिजवावे. त्यात मीठ, तेल, हळद, मसाला, कांदा, लसूण काहीही घालू नये.
३. मांस निवल्यावर त्याचे बारीक तुकडे करावेत. ज्या पाण्यात मांस शिजवले, ते थोडे पाणी त्यात मिसळावे. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणी फेकू नये.
४. मनीला आवडत असेल तर तीन भाग मांसात एक भाग मऊ भात मिसळावा. भाताचे प्रमाण याहून वाढवू नये.

एकदम वाटीभर अन्न देऊ नये. चार किलो वजनाच्या मांजराला पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी एक ते दोन मोठे चमचे अन्न पुरे. ते पोटात टिकले तर दुसऱ्या दिवशी थोडे वाढवावे. उरलेले अन्न अर्ध्या तासानंतर उचलून घ्यावे. बरे वाटू लागल्यावर नेहमीचे खाणे हळूहळू मिसळावे आणि तीन-चार दिवसांत पूर्ववत करावे. नुसते उकडलेले मांस कायमचे देऊ नये. त्यात कॅल्शियम फार कमी असते.

आता काय देऊ नये, ते नीट लक्षात ठेवा. आपल्या घरच्या कालवणात कांदा-लसूण असतेच. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. म्हणून रस्सा धुऊन काढलेली बोटीही देऊ नये. शिजवलेले हाड मोडून टोकदार होते आणि आतड्याला जखम करते. माणसाची औषधे तर मुळीच देऊ नयेत. आपल्या तापावर चालणारी पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. जुलाब थांबवण्याची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

काही वेळा घरच्या उपायांत वेळ घालवणे धोक्याचे असते. पुढील लक्षणे दिसताच मांजराला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे :

• पुन्हा पुन्हा उलटी होणे, पाणीही पोटात न टिकणे;
• उलटीत किंवा शौचात रक्त दिसणे;
• हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर होणे;
• मांजर मलूल होणे, हाक मारली तरी न उठणे;
• तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा दिसणे (तो कधीही ओढू नये; आतडे कापले जाते);
• बोक्याने वारंवार जोर करणे, पण लघवी न होणे.

शेवटचे लक्षण पाहून पुष्कळांना वाटते, की बोक्याला शौचाला होत नाही. खरे तर त्याची लघवी अडलेली असते. उपचार त्याच दिवशी झाले नाहीत तर तो दगावतो.

मोठ्या मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तरी डॉक्टरांना दाखवावे. "उपास केला की पोट बरे होते," असे आपण माणसांबद्दल म्हणतो. मांजर उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि नवाच आजार सुरू होतो. पिल्लाच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये. ते काही तासांतच खचते. पिल्लांना होणाऱ्या साथीच्या रोगात उलटी व जुलाब होतात आणि पुष्कळ पिल्ले मरतात. या रोगावर लस आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की ती सुरू करतात.

दवाखान्यात जाताना एका कागदावर माहिती लिहून न्यावी. उदाहरणार्थ :

'सोमवार, सकाळी ७ – एकदा उलटी, पिवळे पाणी. दुपारी १ – पातळ शौच, रक्त नाही. दुपारी ४ – दोन चमचे कोंबडी खाल्ली, टिकली. काल रात्री लग्नाच्या जेवणातील मांस खाल्ले होते.'

अशा चार ओळींमुळे डॉक्टरांना रोग ओळखणे सोपे जाते. येथे शब्द जपून वापरा. उर्दूत 'जुलाब' म्हणजे पोट साफ करण्याचे औषध. मराठीत 'जुलाब होणे' म्हणजे दस्त लागणे. "मांजराला जुलाब झाले" आणि "मांजराला जुलाब दिला" या दोन वाक्यांत किती फरक आहे पाहा!

जनावरांवर शास्त्रशुद्ध उपचार करण्याचे शिक्षण आपल्या राज्यात फार पूर्वीपासून मिळते. मुंबईतील परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २००० साली नागपूर येथे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. परळचे महाविद्यालय आता त्याच विद्यापीठात आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या तेथे शिकून आपल्या तालुक्यात जनावरांचा डॉक्टर होऊ शकेल.

आजारी मांजराची सेवा करताना स्वतःलाही जपा. घाण साफ केल्यावर साबणाने हात धुवा. तिची वाटी वेगळी ठेवा. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जा.

मनी तुमच्याकडे काही मागू शकत नाही. तुम्ही जे पुढे ठेवाल, ते ती विश्वासाने खाते. म्हणून तिच्या वाटीत काही ठेवण्यापूर्वी, ते तिला मानवेल का, एवढा प्रश्न स्वतःला जरूर विचारा.

शब्दार्थ

मुका – ज्याला बोलता येत नाही तो, बेजुबान
मानवणे – प्रकृतीला चांगले लागू पडणे
बाधणे – त्रास होणे, नुकसान करणे
जंत – पोटातील किडे
हिरड्या – मसूढे
निवणे – थंड होणे
यकृत – जिगर
मलूल – सुस्त, निस्तेज
बोका – नर मांजर
दगावणे – मरण पावणे

लक्षात ठेवा : 'मांजर' हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे. ते मांजर – ती मांजरे. 'मनी' हे नाव मात्र स्त्रीलिंगी आहे. उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून लिहिताना काळजी घ्या.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टॉरिन कमी पडल्यास मांजराला काय होते?
(आ) कोंबडी शिजवलेले पाणी का फेकू नये?
(इ) मांजराच्या तोंडातून दोरा दिसल्यास काय करू नये?

२. कारणे द्या.
(अ) मोठ्या मांजराला दूध देऊ नये.
(आ) मांजराला आपल्या ताटातील रस्सा देऊ नये.
(इ) आजारी मांजराला दिवसभर उपाशी ठेवू नये.

३. कंसातील योग्य शब्द निवडा.
(अ) ते मांजर पाणी ........ . (पितो / पिते)
(आ) बोका ओट्यावर ........ . (बसला / बसले)
(इ) मनी आता बरी ........ . (झाला / झाली)

४. तुमच्या शेजाऱ्यांच्या मांजराचे पोट बिघडले आहे. डॉक्टरांना सांगण्यासाठी चार ओळींची टिपण तयार करा.

उपक्रम : जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला शिक्षकांसह भेट द्या. तेथे कोणकोणती जनावरे उपचारासाठी येतात, त्यांची यादी मराठीत व उर्दूत करा.