दमणगंगेच्या काठाने : पायी अभ्यासाचा एक धडा



'ट्रेकिंग' म्हटले की राजगड, हरिश्चंद्रगड अशी नावे डोळ्यांसमोर येतात. उभे कडे, दोर आणि दमछाक! म्हणूनच 'आपल्या सेलवासला ट्रेकिंगला जागाच कुठे आहे?' असे अनेक मुले विचारतात. या पाठात आपण पायी भटकंतीचा दुसरा, सोपा प्रकार पाहू. सपाट किंवा थोड्या चढउताराची वाट, दोन्ही बाजूंना शेती, जवळून वाहणारी नदी आणि हाताशी तीन-चार तास. पाचवीच्या मुलापासून आजोबांपर्यंत सर्वांना झेपेल असे हे चालणे आहे. त्यासाठी लागणारी भूमी आपल्या दाराशीच आहे.

आपले खोरे

दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते, नगर हवेलीतून वाहते आणि दमण येथे अरबी समुद्राला मिळते. तिची लांबी सुमारे १३१ किलोमीटर आहे. वाघ, लेंडी, दुधनी, साकरतोंड या तिच्या काही उपनद्या. दादरा व नगर हवेलीचे क्षेत्रफळ अवघे ४९१ चौरस किलोमीटर आहे. त्यातही मोठा भाग जंगलाने व्यापलेला. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी या समाजांची गावे आणि शेते याच खोऱ्यात आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांचे पालक नोकरी-व्यवसायानिमित्त शहरात राहतात. पिपरिया, मसाट, राखोली येथील कारखाने आपल्याला ठाऊक असतात. पण त्या रस्त्यापासून थोडे आत गेले की सुरू होणारी भातखाचरे मात्र आपण बसच्या खिडकीतूनच पाहतो. ही ओळख करून घ्यायची तर पायीच जावे लागते.

वाट कोणाची?

चालायला निघण्यापूर्वी एक प्रश्न मनाशी विचारावा : ज्या वाटेने आपण जाणार, ती कोणाची?

हा प्रश्न आपल्या भूमीच्या इतिहासात फार मोठा ठरला आहे. १७७९ मध्ये मराठे व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली; दादरा १७८५ मध्ये गेले. दमण आणि या प्रदेशाच्या मध्ये मात्र दुसऱ्यांचा मुलूख होता. १९५४ च्या जुलै महिन्यात दादरा व नरोली मुक्त झाली आणि २ ऑगस्ट रोजी सेलवास मुक्त झाले. पोर्तुगालने १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याचा विषयच मुळी 'वाटेचा हक्क' हा होता! १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांच्यासाठी तसा हक्क नाही, असे सांगितले. भारताने कोणत्याही कर्तव्याचा भंग केलेला नाही, असाही निर्णय दिला.

वाटेचा प्रश्न शेतकऱ्यांमध्येही उभा राहतो. शेजारच्या महाराष्ट्रात जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ नुसार शेताच्या बांधावरून जाण्याच्या हक्काचा निवाडा तहसीलदार करतात.

जगात इतरत्र काय आहे? स्पेन देशात मेंढरांचे कळप एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेण्याच्या शेकडो वर्षांच्या वाटा आहेत. त्यांपैकी मोठ्या वाटांची ठरलेली रुंदी सुमारे ७५ मीटर! १९९५ च्या कायद्याने या वाटांना संरक्षण दिले आणि त्यांवरून पायी फिरण्यासही मुभा ठेवली. सांतियागो या तीर्थक्षेत्राकडे जाणारी यात्रेची वाट द्राक्षमळे व गव्हाची शेते ओलांडत जाते. पिवळे बाण पाहत यात्रेकरू चालतात. हौशी पदयात्रींच्या वाटांवर तेथे रंगीत पट्टे रंगवलेले असतात. पांढरा-तांबडा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पांढरा-पिवळा म्हणजे मध्यम आणि पांढरा-हिरवा म्हणजे दहा किलोमीटरपेक्षा लहान.

आपली पंढरीची वारीही अशीच शेतशिवारांतून जाते. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीच्या वाटेवर नीरा नदी येते आणि तिथे पादुकांना स्नान घातले जाते. ही वाट गावोगावच्या लोकांनी आपली मानली, म्हणून ती टिकली.

आपल्या खोऱ्यातील पायवाटांवर रंगीत पट्टे नाहीत. त्या गावकऱ्यांच्या रोजच्या जाण्या-येण्याने तयार झाल्या आहेत. त्यांच्या सौजन्यानेच आपण तेथून जातो, हे या पाठातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य समजावे.

तीन सोपे टप्पे

१. सेलवास, नदीकाठ. पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी. नदी कोणत्या दिशेला वाहते ते पाहा आणि तोंड प्रवाहाच्या दिशेला करून उभे राहा. उजव्या हाताला असतो तो उजवा तीर, डाव्या हाताला डावा.

२. खानवेल परिसर. सेलवासपासून सुमारे २० किलोमीटर. तेथपर्यंत बसने जावे. साकरतोंड नदी, उतारावरची शेते आणि मागे डोंगर असे दृश्य येथे दिसते. गावच्या गाडीरस्त्याने जाऊन त्याच रस्त्याने परतावे.

३. दुधनी परिसर. सेलवासपासून सुमारे ४० किलोमीटर. येथे मधुबन धरणाचा जलाशय पसरलेला आहे. पाणी सुंदर दिसते, पण त्याखाली काय आहे याचाही विचार करावा. शेते, घरे आणि जुन्या वाटा या पाण्यात गेल्या, कित्येक कुटुंबांना दुसरीकडे वसावे लागले. शहराच्या नळाला येणारे पाणी आणि कारखान्यांचे चक्र यांमागे त्यांचा त्याग आहे.

वेळेचे गणित

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट ६ किलोमीटर व चढ ६० मीटर आहे. चालण्यास ७२ मिनिटे, चढास ६ मिनिटे, एकूण ७८ मिनिटे. पण हा हिशेब सराव असलेल्या मोठ्या माणसाचा. शाळेच्या गटाने ताशी ३ किलोमीटर धरावे, म्हणजे दोन तास. पाहणे, लिहिणे व खाणे यांसाठी आणखी एक तास.

चालताना काय पाहाल?

नदीच्या वळणावर थांबा. बाहेरच्या बाजूला पाण्याचा जोर जास्त असतो, तेथे काठ कापला जातो. आतल्या बाजूला पाणी संथ असते, तेथे वाळू व गोटे साचतात. गोटे गुळगुळीत का, याचे उत्तरही त्याच प्रवाहात आहे. झाडांच्या फांद्यांत उंचावर अडकलेला पालापाचोळा दिसला तर पुराचे पाणी कुठवर चढले होते ते कळते.

शेतीचे वेळापत्रकही पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात राब भाजतात, पावसाच्या सुरुवातीला रोपे तयार होतात, जुलैत लावणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी. उतारावर नागली. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल, हरभरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, पाठोपाठ मोहाची फुले पडू लागतात. ती वेचणे हा अनेक कुटुंबांचा आधार आहे. ती तुडवू नयेत.

शेतातून जाण्याची रीत

बांधावरून एकामागे एक चालावे. लावणीच्या दिवसांत बांधावर जाऊच नये. बांध फुटला तर वरच्या खाचरातले पाणी वाहून जाते आणि एका घराची मेहनत वाया जाते. कुंपणाचे फाटक जसे होते तसेच परत लावावे. बोर, आंबा, वालाची शेंग विचारल्याशिवाय तोडू नये. वाटेत कोणी भेटले तर 'राम राम, बाबा', 'राम राम, आई' म्हणावे आणि पुढे जाण्याची परवानगी विचारावी. वाघदेवाचा कोरलेला दगड किंवा लाकूड दिसले तर ते देवस्थान आहे. हात न लावता, लांबून नमस्कार करून पुढे जावे. कोणाच्या अंगणाचे किंवा भिंतीवरच्या चित्रांचे छायाचित्र घरच्यांना विचारूनच काढावे. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणावा.

काळजी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी लवकर निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे. प्रत्येकाजवळ दीड लिटर पाणी, टोपी व बंद बूट हवेत. उंच गवतात आणि दगडांच्या फटीत हात घालू नये, साप असू शकतात.

नदीत उतरू नये, हा नियम मोडण्यास कोणालाही सूट नाही. आकाश निरभ्र असतानाही धरणातून पाणी सोडले की खालच्या पात्रात पाणी झपाट्याने वाढते. पोहता येणारा मुलगाही अशा वेळी असहाय होतो. पाण्यापासून लांब, काठावरच बसून अभ्यास करावा.

पालक व विश्वस्त मंडळींसाठी

सहल म्हणजे वॉटर पार्क किंवा लांबचा बसप्रवास, असे समीकरण झाले आहे. त्यात आनंद आहे, पण खर्चही आहे, आणि काही मुले खर्चामुळे मागे राहतात. खोऱ्यातील पदभ्रमणाला बसभाडे आणि घरचा डबा पुरतो. प्रत्येक इयत्तेने वर्षातून एक टप्पा केला तर दहावीपर्यंत मुलांना आपली नदी पायाखालची होईल. निघण्यापूर्वी गावातील जाणत्या मंडळींना भेटून वाट विचारणे, दर दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती ठेवणे आणि प्रथमोपचाराची पेटी बरोबर घेणे, एवढी तयारी आवश्यक आहे. मोबाइलवरील नकाशात डांबरी रस्ते दिसतात, बांध व पायवाटा बहुधा दिसत नाहीत. तेथे गावचा माणूसच खरा वाटाड्या. त्याच्या वेळेचा योग्य मोबदला शाळेने द्यावा.

स्वाध्याय

१. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन गावांतील अंतर ९ सेंटीमीटर आहे. प्रत्यक्ष अंतर किती? शाळेच्या गटाला चालण्यास किती वेळ लागेल?

२. दमणगंगेच्या एका वळणाचे चित्र काढा. कापला जाणारा काठ व वाळू साचणारा काठ दाखवा.

३. १९६० च्या निकालात कोणाचा वाटेचा हक्क मान्य झाला व कोणाचा नाही? असा फरक का केला असेल, पाच ओळींत लिहा.

४. घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा : 'तुम्ही लहानपणी शाळेत कोणत्या वाटेने जात होता? ती वाट आज आहे का?' उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.